रानमोडीला फुलं यायच्या आधी

जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव
५ डिसेंबर

प्रिय मित्रा,

दिवाळीत फोनवर तू विचारलंस, "तिथल्या वाड्यांवरच्या पोरांकडून रानात झाडं लावून घेतोस ना?" रेंज गेली आणि उत्तर राहिलं. आज वाडीवर लाइट नाही, थंडी मरणाची आहे, चुलीजवळ बसून निवांत लिहितो. तुझ्याकडे एक कामही आहे, तुझ्या आजोबांच्या ट्रंकेचं. पण तिथवर यायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

तर उत्तर असं की दोन वर्षांत आम्ही एकही झाड लावलेलं नाही. इथल्या पावसात झाडाला माणसाची गरज नसते रे. ऐन, किंदळ, जांभूळ, हिरडा, सगळ्यांचं बी आपलं आपण पडतं आणि रुजतं. त्याला मारतात त्या दोन गोष्टी: फेब्रुवारीपासून लागणारा वणवा आणि रानमोडी नावाचं झुडूप. त्यातही रानमोडी वणव्याची सोबतीण. मूळची अमेरिकेतली, आता आपल्या घाटात जिथे म्हणून ऊन पोचतं तिथे, रस्त्याच्या कडेला, पडीक कुमरीवर (रान तोडून-जाळून केलेल्या जुन्या शेतावर), डोक्याच्या वर वाढलेली. म्हशी तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात वाळली की काडेपेटीसारखी पेटते, आणि आग विझल्यावर पहिल्यांदा तीच उगवते.

पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. सहा वाड्यांची बावीस मुलं जमली होती, गवळीवाड्यातली, म्हणजे म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांची, निम्मी, बाकी सिद्दी घरांतली, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या समाजाची. सगळ्यांना उत्साह होता आणि मला काहीतरी करून दाखवायची घाई. जानेवारीत कोयते घेऊन आम्ही एक अख्खा उतार साफ केला. फोटो काढले, पैसे देणाऱ्यांना पाठवले. पुढच्या श्रावणात तो उतार बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. दुप्पट दाट. कापताना झाड फुलांवर होतं, त्याचं म्हातारीसारखं उडणारं बी आम्हीच हलवून रानभर पसरवलं होतं, आणि खाली राहिलेल्या बुंध्यांना एकाचे चार फुटवे आले होते.

गवळीवाड्यातल्या एक काकू तिथून म्हशी घेऊन चालल्या होत्या. थांबल्या, म्हणाल्या, "कापून मरतंय होय ते? केस कापल्यागत हाय. मुळासकट उपटा, आन् जमीन वली हाय तवरच." मी विचारलं, "काकू, गेल्या वर्षी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तुमी इचारलासा कुठं, मास्तर?"

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आता काम त्यांच्या सल्ल्याने चालतं. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरपासून उपटायला सुरुवात, फुलं यायच्या आत संपवायचं. उपटलेलं मातीत टाकायचं नाही, मुळं वर करून दगडांवर किंवा फांद्यांवर अडकवायचं, नाहीतर परत धरतं. जिथे सावली आहे तिथे हात लावायचा नाही, सावलीच तिला मारते. यंदा आम्ही गेल्या वर्षीच्या चौथाईएवढाच तुकडा घेतलाय, पण तिथे ऐनाची रोपं गुडघ्याला लागलीत. परवा त्यातलं एक सिद्दी मुलीने मला हात धरून नेऊन दाखवलं. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे.

दुसरं काम पाणी मोजायचं. हे तुला आवडेल, तू शाळेत गणिताचा. आपण सहलीला कणकुंबीला माऊलीच्या देवळात गेलो होतो, तिथे मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. आणि त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस म्हादईतून गोव्यात जातो, तिथे तिची मांडवी होते. एकाच पावसाचे दोन समुद्र. म्हादईच्या पाण्यावर राज्या-राज्यांत किती वर्षं चाललंय ते तू वाचतोस. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी दिले. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. मुलांना हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "मग आमच्या ओहोळात किती?" बस, तिथून सुरुवात.

ओहोळाचा दहा मीटरचा सरळ तुकडा धरायचा, रुंदी आणि खोली चार-पाच जागी मोजायची, वरून लिंबू सोडायचं आणि मोबाइलवर सेकंद बघायचे. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून आलेल्या आकड्यातून साधारण १५ टक्के वजा. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे तारीख कुणी विसरत नाही. चार ओहोळांच्या वह्या झाल्यात. आटणारा ओहोळ कोणता हे म्हातारी माणसं आधीपासूनच सांगत होती, पण आता कधी आणि किती हे पोरांच्या अक्षरात आहे. पंचायतीच्या बैठकीत एका मुलाने वही उघडून आकडे वाचले तेव्हा सगळे गप्प होऊन ऐकत होते. त्या मुलाला सभेत बोलताना मी प्रथमच पाहिलं.

तो मुलगा महिनाभराने गोव्याला गेला. हॉटेलात काम करतो. आमचं मानधन तुटपुंजं, त्यात ज्या संस्थेकडून येतं तिथून कधी कधी तीन-तीन महिने येतच नाही. घरी आजारी बाप. कोणत्या तोंडाने थांबवणार? पावसाळ्यात वाडीवर गाडी येत नाही, आजारी माणसाला खांद्यावर घालून नेतात, हे तू पाहिलं नाहीस. मे २०२५ मध्ये भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीच्या कुटुंबांना बाहेर पडण्यासाठी सरकारी भरपाईचे चेक मिळाले. जायचं की राहायचं हा ज्याचा त्याचा निर्णय, आणि दोन्ही निर्णयांमागे रडणारी माणसं मी पाहिलीत. मी कुणालाच सल्ला देत नाही.

(वटवाघळांचं तू विचारशील म्हणून सांगतो. भीमगडातल्या बारापेडे गुहेत मुलांना नेलेलं नाही आणि नेणार नाही. रॉटनचं वटवाघूळ म्हणतात ती दुर्मीळ जात कित्येक वर्षं जगात फक्त तिथंच माहीत होती. टॉर्च घेऊन वीस जणांनी आत शिरणं तिला परवडणारं नाही.)

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षाच्या शेवटी एका गवळी पोराने मला विचारलं, "मास्तर, आमी रान राखायचं, पर फॉरेस्टवाले म्हनत्यात आमीच अतिक्रमण. मग राखायचं कुनाचं?" मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही २००६ चा वनहक्क कायदा वाचायला बसलो. त्यातलं कलम ५ तू एकदा वाच. रान, वन्यप्राणी, पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ते ग्रामसभेला आणि हक्कदारांना देतं. म्हणजे आमचं काम कुणाची मेहरबानी नाही, कायद्यातच लिहिलेलं आहे.

पण हक्कदार ठरायचं कसं? बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत २०२० साली घेतलं, त्यामुळे त्यांना पिढ्यांचा पुरावा लागत नाही. गवळी धनगर त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं, पिढी म्हणजे २५ वर्षं. म्हणजे १९३० पर्यंत मागे जायचं. एकाच ओहोळाचं पाणी पिणाऱ्या दोन वाड्या, आणि कागद वेगवेगळे. म्हशींमागे या डोंगरावरून त्या डोंगरावर फिरलेल्या माणसाने १९३० चा कागद आणायचा कुठून?

नियमात एक दिलासा आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, वयस्कर माणसांचे जबाब हेही पुरावे चालतात. म्हणून ही पोरं आता रानमोडी उपटता उपटता थडगी शोधतात. पडक्या गोठ्यांचे चौथरे, म्हसोबाचा दगड, बुजलेली विहीर. प्रत्येकाचं ठिकाण मोबाइलवर टिपतात, आज्यांचे जबाब लिहून घेतात. कागद कन्नडमध्ये द्यावे लागतात आणि पोरं मराठी शाळेत शिकलेली, म्हणून एक मुलगी खास कन्नड लिहायला शिकली. तिचा पहिला अर्ज मी तीनदा वाचला, एक काना इकडचा तिकडे नव्हता.

आणि इथे तुझे आजोबा येतात. ते इकडे मास्तर होते, तू सांगायचास, १९२८ च्या सुमाराला. गवळ्यांकडून लोणी घ्यायचे आणि पैसे वहीत मांडायचे, कुणाचे किती, कोणत्या वाडीचा. ती वही पुण्यात तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे ना? ती पुरावा म्हणून टिकेल की नाही हे पुढचं पुढे. पण गवळीवाड्यातल्या या पोरांच्या पणज्याचं नाव त्या वहीत असेल, तर ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं असं मला फार वाटतं.

ट्रंक उघड. कसर लागली असेल तर झटकू नकोस, पानं तुटतील. मऊ सुती कापडात गुंडाळून घेऊन ये, पोस्टाने पाठवू नकोस. बेळगाव स्टँडवर मी येतो, तिथून जांबोटीची गाडी धरू. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभा आहे, त्याच्या आधी ये. वहिनींना आणि आईंना नमस्कार. जाडा स्वेटर आण.

तुझाच

ता. क. वहीत "जांबोटी" मोडीत लिहिलेलं असणार. मला मोडी येत नाही, तुझ्या आईंना येते. जमलं तर त्यांनाही घेऊन ये.