विहीर न पाहता भूजलशास्त्र?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की बावधनपासून वाघोलीपर्यंत टँकर धावू लागतात आणि सोसायट्यांच्या सभेत ठराव होतो, आणखी एक बोअर मारू. जागा दाखवायला पाणाड्या येतो. भूजलशास्त्र शिकलेली मुले याच शहरात असताना असे का व्हावे? माझ्या मते दोष त्यांच्या शिक्षणात आहे.

माझी सगळी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. निवृत्तीनंतर एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलीने संगणकावर केलेला पाणलोटाचा नकाशा खरोखर देखणा होता. विचारले, यातल्या किती विहिरींची पातळी तू स्वतः टेप सोडून मोजलीस? एकाही नाही, म्हणाली. डोळ्यांत पाणी होते तिच्या. दोन वर्षांत तिला कुणी विहिरीवर नेलेच नव्हते. गाडीला पैसे नाहीत, आणि शिकवणारे बहुतेक तासिका तत्त्वावरचे.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. नदीच्या गाळात मुरते तसे सलग पाणी या खडकात नसते. ते भेगांत, मुरमात, दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यात सापडते. जुने विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या खडकात पाणी लागते, आणि चार पावलांवर अखंड काळा पाषाण लागून बोअर कोरडी जाते. उपग्रहाच्या चित्रावरून हे कळत नाही. विहिरीच्या काठाशी बसून थर मोजावे लागतात, पंप बंद केल्यावर पाणी किती वेळात चढते ते घड्याळ लावून पाहावे लागते.

२००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने खोल विहिरींवर बंधने घातली, भूजल वापराच्या आराखड्यांची तरतूद केली. ते आराखडे उद्या याच मुलांना करायचे आहेत.

पुण्यात तर सगळे हाताशी आहे. वेताळ टेकडीची जुनी खाण, कात्रजचा घाट, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे मुख्यालयही इथेच. यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांत मोजली जाते. त्या फेऱ्यांना विद्यार्थी जोडावेत, आणि किमान मे व ऑक्टोबरच्या नोंदी स्वतः घेतल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. माझ्यासारखे निवृत्त लोक मोबदल्याशिवाय सोबत यायला तयार आहेत. विद्यापीठाने फक्त बोलवावे.

– एक निवृत्त भूजल वैज्ञानिक, कोथरूड, पुणे