थांबण्याची ऐपत

चि. मानसी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बँकेत कर्जाचे अर्ज पाहता पाहता, जो बचत करतो तो वर येतो आणि जो करत नाही तो गरीब राहतो, असे तुझे मत झाल्याचे तू लिहिलेस. बचतीचे मोल मलाही मान्य आहे. व्यसनाने आणि भाऊबंदकीच्या दाव्यांनी बुडालेली घरेही मी पाहिली आहेत. तरीही रत्नागिरीत आंब्याचे हिशेब ठेवताना मला याहून मोठे कारण दिसत आले: ज्याला थांबण्याची ऐपत आहे, त्याच्याच हाती पैसा राहतो.

फवारणीला आणि मजुरीला ज्याच्याजवळ पैसे नसतात, तो एक तर मोहोरावरच बाग कराराने देतो, नाहीतर वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो. उचल घेतली की माल त्याच्याच पेढीवर पाठवावा लागतो. भाव कळतो तो पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हाती आल्यावर, आणि तोही उचल, भाडे व हमाली वळती होऊन. शेजारचा बागायतदार स्वतःच्या भांडवलावर बाग राखतो, म्हणून तो भाव पाहून माल कुठे पाठवायचा ते ठरवतो आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्याही देतो. मेहनत दोघांचीही तितकीच असते.

हे भांडवल आले कोठून, याचा विचार कर. खोतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या अमलात, कुळाच्या भाताचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई, मग कुळाने बचत कशातून करायची? अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सुमारे सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला, 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि कायदा झाला तो 1949 मध्ये. पुढे कुळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. पण ज्यांची वहिवाट कागदावर नव्हती, त्यांतले कितीतरी मागेच राहिले. सातबाऱ्यावर बायकांची नावे किती थोडी लागली, हे मला आजही सलते. 1990 च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान मिळू लागले, तेव्हा त्याचा लाभ ज्याच्या नावे जमीन होती त्यालाच घेता आला, आणि त्यातही कलमाला फळ धरेपर्यंत काही वर्षे दुसऱ्या उत्पन्नावर घर चालवू शकणाऱ्यालाच तो पचला. ज्याला ते जमले नाही, त्याचा मुलगा आज त्याच बागेत मजुरीने आंबे उतरवतो. त्याच्या आळसाचा या साऱ्याशी काय संबंध?

म्हणून तुला एक मनापासून सांगते. आंबा बागायतदाराचा अर्ज तुझ्या टेबलावर येईल, तेव्हा त्याच्या खात्यातील शिल्लक पाहण्याआधी अर्ज कोणत्या महिन्यात आला आहे ते पाहा, आणि कर्ज द्यायचेच असेल तर ते मोहोरापूर्वी त्याच्या हाती पडेल असा प्रयत्न कर. मार्चमध्ये मंजूर झालेले कर्ज दलालाची उचल फेडण्यातच संपते.

तुझी,
आई