शेवटच्या बाकावर बसलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

मुद्दाम मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी छान वाचता येतं, बोलायला तेवढ्या लाजता. आणि उघडपणे लिहितेय, कारण ज्यांनी माझ्या तक्रारीची फाईल फिरवत ठेवली त्यांच्याही वाचनात हे यावं.

मी निपाणीची, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातली. आजी विड्या वळायची, आई तंबाखूच्या वखारीत जायची. १९२५ साली बाबासाहेब परिषदेला निपाणीत आले होते, ते आमच्या गल्लीत अजून काल घडल्यासारखं सांगतात. आमच्या घरातली मी पहिली पीएच.डी. कॉलेजात मात्र गेस्ट लेक्चरर, दरवर्षी नव्यानं अर्ज करणारी.

कॉलेज तपासायला नॅकची समिती आली, तेव्हाच्या फोटोला कुणीतरी म्हणालं, "फ्लॅश मारा रे, नाहीतर ह्या मॅडम दिसायच्या नाहीत." सगळे हसले, बायकासुद्धा. विभागप्रमुख तर पोरांसमोरच बोलले, "यांचं सिलेक्शन कशावर झालंय ते ठाऊक आहे." महिला कक्षात गेले, तर "हे जातीचं दिसतंय, एससी-एसटी सेलकडे जा." सेलमधले सर म्हणाले, "रंगरूपावरून बोलले ना? मग हे लेडीजचं मॅटर." टोलवाटोलवी चालू असतानाच तक्रारपेटीत निनावी चिठ्ठ्या पडायला लागल्या, की मॅडमचं कन्नड मराठी हेलाचं आहे, शिकवलेलं कळत नाही. हीच मंडळी २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी जातीवरून छळाच्या तक्रारींनंतर गेली तेव्हा स्टेटसला मेणबत्ती लावून बसली होती, हे मी विसरलेली नाही.

तुमचा विभागही वेगळा. तरी त्या दिवशी तुम्ही माझ्या तासाला आलात. खुर्ची आणायला निघालेल्या शिपायाला हातानंच थांबवलंत आणि शेवटच्या बाकावर दोन पोरींच्या मधे, पर्स मांडीवर घेऊन, बसलात. वही उघडून फळ्यावरची तारीखसुद्धा उतरवून घेतलीत.

मी अमेरिकेतला खटला शिकवत होते. जनरल मोटर्सवर पाच काळ्या बायकांनी भेदभावाचा दावा लावलेला. १९७६ मध्ये कोर्टानं तो ऐकून घेतला नाही. कंपनी बायकांना घेते म्हणे, पण त्या ऑफिसातल्या गोऱ्या. काळ्यांनाही घेते, पण ते कारखान्यातले पुरुष. दोन्हीकडून कंपनी सुटली आणि या बायका मधल्यामधे राहिल्या. पुढे किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या काळ्या प्राध्यापिकेनं १९८९ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं, इथवर मी आले होते. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. पोरं वळून बघायला लागली. तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि कन्नडमध्ये विचारलंत, "मॅडम, एक डाउट. त्या बायकांनी मग जायचं कुठं?"

तीस वर्षं शिकवलेली बाई मला भर वर्गात 'मॅडम' म्हणाली, आणि तेही उभी राहून! उत्तर देताना माझं कन्नड अडखळलं. तुम्ही मान डोलावत लिहून घेत होता. तास संपल्यावर पुढच्या बाकावरचा पोरगा, जो वर्षभर माझ्याकडे न बघता मोबाईल बघायचा, तुमच्यासारखाच म्हणाला, "मॅडम, मलाही एक डाउट आहे."

तुम्ही नंतर मला सल्ला दिला नाहीत, "सहन कर गं" म्हणाला नाहीत, कुणाला सांगतही सुटला नाहीत. कॉरिडॉरमध्ये "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" म्हणणारे मला भरपूर भेटले, मीटिंगमध्ये ते पंख्याकडे बघत बसतात. शहाणपण पदवीनं येतं असं आपण पोरांना सांगतो खरं, पण माणुसकीचा कुठला पेपर असतो, देव जाणे. तुम्ही मात्र त्यात पहिल्या आला असता.

माझं काँट्रॅक्ट पुढच्या वर्षी राहील का, कुणी सांगावं. पगार थकलाय तो वेगळाच विषय. तुम्ही रिटायर होऊन धारवाडला जाणार असं ऐकलं. त्याआधी एकदा निपाणीला या. आईला तुम्हाला जेवू घालायचंय. तिला कन्नड येत नाही, पण तुम्ही दोघी जमवून घ्याल.

तुमची,
समाजशास्त्राची गेस्ट लेक्चरर