जुना फ्रिज मोडीत निघाला पाहिजे, खेड्यात विकला जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीला ‘जुना फ्रिज द्या, नवा घेऊन जा’ अशा जाहिराती आपल्या बेळगावात सगळीकडे झळकतात. घेणाऱ्याला दोन-तीन हजारांची सूट मिळते, तो खूश होतो. पण दिलेला जुना फ्रिज पुढे कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. मी वडगावात फ्रिज दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे ते मला रोज दिसते. त्यातले बरेच फ्रिज मोडीत जात नाहीत. कुणीतरी ते घाऊक उचलतो, गॅस भरतो, दाराला रंग मारतो, आणि चार-पाच हजारांना तेच फ्रिज खानापूर, कडोली, येळ्ळूरकडच्या घरांत जातात. मुलीच्या संसाराला, नाहीतर नव्या भाड्याच्या खोलीत. शहरातल्याने वीज खाणारी वस्तू घराबाहेर काढली आणि ती ज्याला बिल सर्वात जड जाते त्याच्या घरात गेली.

पंधरा-वीस वर्षे चाललेल्या फ्रिजचे दुखणे साधे असते. दाराचे रबर कडक होऊन फट पडते. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढून बघा. ती सहज निघून आली तर तिथून गारवा बाहेर जातोय. हवा तेवढा गारवा झाला की वीज तोडणारा थर्मोस्टॅट नीट तोडत नाही. भिंतीतला फोम ओल धरतो. मग कॉम्प्रेसर थांबायचे नावच घेत नाही, रात्रंदिवस घुरघुरत राहतो. आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरात मागाची खोली आणि स्वयंपाकघर यांत एक भिंत, कधी नुसता पडदा. असा फ्रिज पुढे ओढला की मागच्या काळ्या जाळीवर सुताच्या बारीक तंतूंचा थर गोधडीसारखा बसलेला असतो. उष्णता बाहेर टाकायची ती जागाच बुजलेली. मऊ ब्रशने तेवढे झाडले, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, तरी कॉम्प्रेसर अधूनमधून थांबायला लागतो. खेड्यात त्यात कमी व्होल्टेजची भर. मोटर सुरू व्हायला धडपडते, गुणगुणते, तापते, ट्रिप होते, पुन्हा धडपडते.

असा न थांबणारा जुना फ्रिज दिवसाला दीड युनिट सहज खातो, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस. आजचा पाच स्टारचा (जितके स्टार जास्त, तितकी वीज कमी), एका दाराचा, 180-190 लिटरचा फ्रिज घ्या. त्याच्या लेबलवर वर्षाचे साधारण शंभर ते दीडशे युनिट लिहिलेले असतात, म्हणजे महिन्याला दहा-बारा. उन्हाळ्यात, आणि दार सारखे उघडणाऱ्या घरात थोडे जास्त धरा. तरी तीस युनिटांचा फरक राहतोच.

आता हे तीस युनिट कोण भरते? इथे राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा विषय येतो. ऑगस्ट 2023 पासून कर्नाटकात बऱ्याच घरांना शून्य बिल येते. गोरगरिबांना या योजनेचा मोठा आधार आहे आणि ती बंद व्हावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण तिचा हिशोब नीट बघा. सगळ्यांना सरसकट दोनशे युनिट मोफत नाहीत. 2022-23 या वर्षातला तुमचा सरासरी वापर धरला, मूळ आदेशात त्यावर दहा टक्के वाढ दिली, आणि तेवढी तुमची मर्यादा ठरली. त्यावर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि दोनशे ओलांडले तर सगळे बिल. ज्या घरात त्या वर्षी खराब फ्रिज चालू होता, त्याचे पंचेचाळीस युनिट त्या सरासरीत बसले. म्हणजे त्या फ्रिजची वीज सरकार दरमहा भरत आले आहे. घरमालकाला शून्य बिल दिसते, तो फ्रिज कशाला बदलेल? त्याला दोष देता येत नाही.

उलट बाजूला नवे जोडपे घ्या. नव्या जोडणीला मागचा वापर नसतो, म्हणून राज्याची सरासरी धरतात, ती पन्नासच्या घरात आहे. त्यांच्याकडे असा जुना फ्रिज आला की मोफत युनिटांतला मोठा वाटा एकटा फ्रिज गिळतो आणि पंखा, मिक्सर, टीव्ही, इस्त्रीचे पैसे खिशातून जातात. महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये, तेही रोजंदारीवर जगणाऱ्याच्या. शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, महावितरणचे बिल स्लॅबने येते आणि शंभर युनिटनंतर दर एकदम चढतो. तिथले पाहुणे दुकानात शिरल्या शिरल्या स्टार विचारतात. आपल्याकडचे गिऱ्हाईक रंग आणि दारावरची फुले बघते.

माझे म्हणणे एवढेच आहे की सरकारने हा पैसा फुकट जाणाऱ्या युनिटांवर घालण्याऐवजी फ्रिजवर घालावा. महिन्याला तीस युनिट, वर्षाला तीनशे साठ. युनिटला सहा रुपयांच्या आसपास धरले तर वर्षाचे दोन हजारांहून जास्त होतात. सात वर्षांत पंधरा हजार, म्हणजे एका दाराच्या नव्या फ्रिजची किंमत. 2015 मध्ये उजाला योजना आली तेव्हा सरकारी कंपनीने एलईडी बल्ब एकगठ्ठा खरेदी केले आणि भाव पडले. आज खेड्यातही पिवळा बल्ब शोधावा लागतो. फ्रिजच्या बाबतीत तसेच करता येईल. कमी उत्पन्नाच्या घराला सवलतीत पाच स्टारचा छोटा फ्रिज द्यावा, आणि जुना हातात पडल्याशिवाय देऊ नये.

तो जुना मात्र खरोखरच फोडला गेला पाहिजे. भंगारवाला नळी कापतो तेव्हा आतला गॅस फस्‌कन हवेत जातो. फार जुन्या फ्रिजमध्ये ओझोनचा थर खाणारा आर-12 गॅस आहे. त्या जातीच्या गॅसचे उत्पादन आपल्या देशात 2010 पर्यंत थांबवले गेले, पण जुन्या यंत्रात तो अजून सापडतो. त्यानंतर आलेला आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, तरी हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. तो यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरता येतो. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांत फ्रिज येतो, ही जबाबदारी उत्पादकांवर आहे. एक्स्चेंजमध्ये घेतलेला प्रत्येक फ्रिज नोंदणीकृत ठिकाणीच गेला, याची पावती दुकानदाराने गिऱ्हाइकाला द्यावी, अशी सक्ती हवी.

हे वाचून कुणी सात-आठ वर्षांचा, धड चालणारा फ्रिज घाईने काढू नये. रबर बदलून घ्या, जाळी झाडा, बर्फ बोटभर साचू देऊ नका, तेवढ्याने भागते. कॉम्प्रेसर गेलेला पंधरा वर्षांपुढचा फ्रिज मात्र दुरुस्त करू नका, मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो. आणि नवा घेताना नुसते स्टार मोजू नका. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, 2020 आणि 2023 मध्ये झाले, त्यामुळे जुन्या सालाचे पाच स्टार आज पाच राहत नाहीत. लेबलवरचे साल आणि वर्षाचे युनिट वाचा. मोठ्या दोन दारी पाच स्टारपेक्षा छोटा तीन स्टार कमी वीज खाऊ शकतो.

डिसेंबरमध्ये इथे बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधमध्ये राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. सीमाभागातल्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, हा प्रश्न तिथे मांडावा आणि वीज बिल भरण्याच्या काउंटरवर या माहितीचे एक पान कन्नडबरोबर मराठीतही ठेवायला लावावे, ही माझी त्यांना विनंती आहे.

आपला,
एक फ्रिज दुरुस्ती कारागीर,
वडगाव, बेळगाव