चार ओळींच्या परीक्षणाला जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतले पुस्तकांचे पान मी नेमाने वाचतो. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतरही संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसतो. तेव्हा पुस्तकाविषयी कुठे काय लिहून आले आहे हे पाहणे अंगवळणी पडले आहे. या पानावर दर आठवड्याला चार ओळींच्या गमतीदार पद्य परीक्षणांना एक छोटी चौकट द्यावी, एवढे मागण्यासाठी हे पत्र आहे.

हल्ली परीक्षण कसे येते? अर्धा भाग कथानक सांगण्यात जातो, पाव भाग प्रस्तावनेतून उतरतो आणि शेवटी ‘मुखपृष्ठ आकर्षक, छपाई सुबक, प्रत्येकाने संग्रही ठेवावे असे पुस्तक’ हे ठरलेले वाक्य येते. असे परीक्षण मलपृष्ठ वाचूनही लिहिता येते आणि पुष्कळदा तसेच लिहिलेले असते. चार ओळींत ही सोय नाही. पुस्तक नीट वाचलेच नसेल तर त्या चार ओळी सुचतच नाहीत.

हे मी अनुभवाने सांगतो. वाचनालयाच्या पुस्तकांवर शेवटच्या पानाशी पेन्सिलीने शेरे लिहिण्याची वाचकांची जुनी खोड आपण जाणताच. ‘फार सुंदर’, ‘वेळ फुकट’, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘तुम्हाला कळली नाही’. पुस्तके खराब होतात म्हणून टेबलाला दोरीने एक लांबट वही बांधली आणि सांगितले, पुस्तक बदलताना जे म्हणायचे ते इथे म्हणा, पण चार ओळींत आणि जमल्यास यमक जुळवून. वही भरत गेली. भाजीची पिशवी खाली ठेवून एक सभासद बाई टेबलाशी उभ्या राहिल्या, बोटांवर मात्रा मोजत दोन ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) परत करताना त्यांनी लिहिले ते असे :

कर्ण सांगतो, सांगे कुंती,
शोण, वृषाली, दुर्योधनही;
शेवट येउन कृष्ण सांगतो,
बाप सूर्य तो बोलत नाही!

हसू येते, पण यात समीक्षा किती आहे पाहा. कादंबरी अनेक पात्रांच्या तोंडून सांगितली आहे ही रचना आली, शेवटचे निवेदन कृष्णाचे आहे हे आले आणि ज्याच्यासाठी कर्ण आयुष्यभर झुरतो त्याला लेखकाने बोलू का दिले नाही, हा प्रश्नही आला. त्या जाडजूड कादंबरीवर मी पुष्कळ लेख वाचले आहेत, हा प्रश्न मला त्यांत कुठे भेटला नव्हता. त्या आठवड्यात तिघांनी ‘मृत्युंजय’ मागितली.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आजही आमच्याकडे सर्वाधिक फिरते. आठवीतल्या एका मुलीने तिच्यावर लिहिले :

रोज रात्रिला श्याम सांगतो,
आश्रम सारा ऐकत रडतो;
बेचाळिस त्या सगळ्या रात्री
एक रुमाल कसा हो पुरतो?

काही ज्येष्ठ सभासदांना हा अवमान वाटला. मला तो मुळीच वाटत नाही. मुलीने रात्री मोजल्या आहेत, म्हणजे शेवटपर्यंत वाचले आहे, आणि रुमाल तिचाही भिजला असणार. शाळेत या पुस्तकावर निबंध लिहायला सांगितला की मुले संस्कार, मातृप्रेम वगैरे शब्द गाईडातून उतरवतात. ही ओळ कुठल्या गाईडात सापडायची नाही.

आम्ही एकच कसोटी लावतो : जी चारोळी दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाखाली खपून जाईल ती बाद. ‘भाषा ओघवती, पात्रे जिवंत’ याला यमक जोडले म्हणून ते परीक्षण होत नाही. शेवट फोडायचा नाही, हे पथ्यही आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (1955) एका तरुण शिक्षकाने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात गावाचे पुढे काय होते तेही येऊन गेले होते. तेवढे काढा म्हटल्यावर वही घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी हे आणले :

शाळा आहे, पोरं कोठे?
पोरं फिरती मेंढ्यांमागे;
पोरांमागे मास्तर फिरतो,
गाव मास्तरांमागे लागे!

मेंढरांमागची पोरे शाळेत आणता आणता हा कोवळा मास्तर गावाच्या चिठ्ठ्याचपाट्या, भांडणे, लग्ने यांत कसा ओढला जातो, ही त्या कादंबरीची सगळी चाल इथे आली आहे. आणि गंमत कादंबरीतूनच उगवली आहे, वरून चिकटवलेली नाही. मला हे फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे हे नवे आहे असेही नाही. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’ हे वचन घरोघरी पाठ होते. एवढ्याशा जागेत चार कवी आणि प्रत्येकाचे बलस्थान! आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली, ती विडंबने म्हणजे त्या काळच्या कवितेची कठोर समीक्षाच होती. मंगेश पाडगावकर आणि रामदास फुटाणे यांनी वात्रटिका घराघरांत नेली. मात्र वृत्तपत्रांतली वात्रटिका बहुतेक वेळा राजकारणावरच अडते. मंत्र्याने पक्ष बदलला की संध्याकाळपर्यंत वात्रटिका तयार, पण वर्षभरात एवढी पुस्तके निघतात त्यांच्या वाट्याला ती येत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

गंभीर साहित्याची यात थट्टा होईल, ही शंका आपल्या मनात येईल. ती रास्त आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ किंवा लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ यांसारख्या सोसलेल्या दुःखाच्या आत्मकथनांजवळ हा प्रकार नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे सविस्तर गद्यच हवे. नवख्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकालाही टोचू नये. त्याचे कौतुक करायला चार ओळी पुरतात. थट्टा पुस्तकाची असावी, लेखकाच्या रूपाची, जातीची, गावाची कधीच नसावी. एवढे सांभाळले तर बाकी सारे मैदान मोकळे आहे. कादंबरी, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, अगदी पाककृतीसुद्धा. नोकरीनिमित्त एकटे राहणाऱ्या एका मुलाने कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’विषयी लिहिलेले हे पाहा :

वाटी, चमचा मोजुन सांगे
‘रुचिरा’ मजला सारे नीट;
आई म्हणते ‘अंदाजाने’,
म्हणुनच पडले दोनदा मीठ.

‘रुचिरा’ पिढ्यान्‌पिढ्या का टिकली, तर घरातल्या वाटी-चमच्याचे माप तिने दिले म्हणून. या मुलाने ते नेमके पकडले आहे.

तेव्हा विनंती अशी, की पुस्तकांच्या पानावर खालच्या कोपऱ्यात दर आठवड्याला अशी दोन परीक्षणे छापावीत. वाचकांकडूनच मागवावीत. मानधन नसले तरी चालेल, नाव छापले तरी माणूस आठवडाभर आनंदात राहतो. पण प्रत्येकाखाली पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत अवश्य द्यावी, म्हणजे वाचून हसलेल्या माणसाला ते पुस्तक दुकानात किंवा वाचनालयात मागता येईल. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळाशाळांतून भाषणे होतात. त्या आठवड्यात चौकट फक्त विद्यार्थ्यांसाठी ठेवली तर शिक्षकांनाही मुलांकडून काहीतरी खरेखुरे लिहून घेता येईल.

आमच्या वहीतली निवडक परीक्षणे, लिहिणाऱ्यांची संमती घेऊन, सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवायला मी तयार आहे. आपला होकार आला की पहिला गठ्ठा टपालात टाकतो.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा जिल्हा