क्वीनमधला चौथा माणूस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा पाचगणीत शिकलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीपाशीच थांबते, याची खंत वाटते. १९७१ मध्ये चौघांत सर्वांत शेवटी आलेला मितभाषी बास गिटारवादक जॉन डीकन उल्लेखापुरताच उरतो. वास्तविक, १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे गाणे त्याचेच, आणि बासची जी धून त्या गाण्याचा कणा आहे, तीही त्याचीच. शिवाय, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या या वादकाने कुणीतरी टाकून दिलेल्या सर्किट बोर्डापासून जो छोटा ॲम्प्लिफायर बनवला, त्यावर बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने गिटारचे अनेक थर ध्वनिमुद्रित केले. मला तर हे योगदान गाण्याइतकेच मोलाचे वाटते. पुढील लेखात डीकनलाही जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे