देवीचे जुने फोटो पिंपळाखाली ठेवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात गावाबाहेरच्या पिंपळाखाली सप्तशृंगी देवीच्या तीन फ्रेमा दिसल्या, एकीची काच तडकलेली, एकीला अजून वाळका हार तसाच, आणि तिन्ही फोटो जुन्या रूपाचे म्हणजे शेंदराने भरलेला मोठा चेहरा अन मोठे डोळेवाले. लोक घरात नवीन रूपाचा फोटो आणतात आणि जुना झाडाखाली ठेवून मोकळे होतात, ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२२ च्या पावसाळ्यात सप्तशृंगी गडावरचं दर्शन साधारण दीड महिना बंद होतं, देवीच्या अंगावर वर्षानुवर्षं तेल अन शेंदराचे जे थर चढून दगडासारखे झाले होते ते काढायचं काम चालू होतं. शेंदूर निघाला तो किलोत नाही, टनात मोजायचा एवढा होता. मग घटस्थापनेला दर्शन खुलं झालं तेव्हा कड्यात कोरलेली मूळ मूर्ती लोकांनी पहिल्यांदा बघितली, नाक डोळे एकदम रेखीव, अठरा हात अन हातातली आयुधं सुटी सुटी दिसायला लागली. काम चांगलंच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण आमची आजी धुळ्याकडची, पंचवीसेक वर्षं चैत्रात पायी गेलेली, उन्हात पायाला फोड येऊन वर पुन्हा पाचशे पायऱ्या चढणारी. त्या वर्षी तिला ट्रॉलीने वर नेलं (२०१८ ला ट्रॉली सुरू झाली ते म्हाताऱ्या माणसांसाठी खरंच बरं झालं), गाभाऱ्यासमोर उभी राहिली आणि जोरात म्हणाली, "हाई आपली माय नही शे रे!" मागची लाईन ढकलतेय, पुढचे पोरं हसायला लागले, मला कसंतरी झालं. मग तिने परत नीट बघितलं आणि म्हणाली, "मान तशीच शे." देवीची मान एका बाजूला जराशी कललेली आहे ना, समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणतात तो ती ऐकते असं आपल्याकडे सांगतात, त्या मानेवरून म्हातारीने ओळखलं. आमच्यासारख्यांना त्या गर्दीत अकरा वारी साडी अन मुकुट सोडून काही दिसत नाही ती गोष्ट वेगळी.

तर मुद्दा असा की आपल्या आज्या-पणज्यांनी जिला नवस बोलले ती शेंदराचीच होती, तिच्यासमोर जावळं निघाली, ओट्या भरल्या. ते रूप आता गडावर परत दिसणार नाही, फक्त घराघरातल्या फ्रेमांमध्ये उरलंय. दरेगावच्या पाटलांचा ध्वजाचा मान अजून टिकून आहे, रात्रीचं गडाच्या शिखरावर चढून कीर्तिध्वज लावतात, ते पिढ्यानपिढ्या जपलं म्हणून टिकलं ना. मग एक फोटो भिंतीवर ठेवायला आपल्याला काय होतं? नवीन लावा की शेजारी, जुना कशाला काढताय. आणि शास्त्रात बसत नाही वगैरे म्हणणाऱ्यांनी आधी ती फुटकी काच उचलावी, तिथे शेळ्या फिरतात.

तुमच्या पेपरला विनंती एवढीच की येत्या नवरात्रात रोज एक याप्रमाणे वाचकांकडचे जुने फोटो छापा, कोणी गडावर फोटो स्टुडिओत पडद्यासमोर उभं राहून काढलेले असतील, कोणाकडे देव्हाऱ्यातले असतील. सोबत कुठलं गाव, कोणत्या साली, पायी गेले की एसटीने, एवढं दोन ओळीत. आणि कृपा करून बातमीत "वणीची देवी" लिहिताना गड कळवण तालुक्यात आहे हेही टाका, दरवेळी कोणीतरी पाहुणा वणीत उतरतो आणि मंदिर कुठंय म्हणून फोन करतो, मग त्याला गडाच्या पायथ्याच्या नांदुरीच्या गाडीत बसवायचं काम आमचं.

त्या तीन फ्रेमा मी घरी आणल्यात. दोन साफ झाल्या, तिसरीच्या फोटोत पाणी गेलंय, चेहरा अर्धा निघालाय. मागच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेलं आहे, "चैत्र, १९८७, बाळासाठी". कोणाची असेल तर ओळख सांगून घेऊन जा.

एक वाचक, ता. कळवण, जि. नाशिक